परतीची किल्ली परक्याच्या खिशात

सन २०२५ च्या सप्टेंबरातील तो शनिवार अमेरिकेत आप्तस्वकीय असलेली मराठी कुटुंबे सहजी विसरणार नाहीत. घटस्थापना दोन दिवसांवर आली होती. आदल्या दिवशी, १९ सप्टेंबरला, अमेरिकेच्या अध्यक्षांनी ‘एच-१बी’ या कामाच्या व्हिसावर एक लाख डॉलर्सचे शुल्क लादणाऱ्या घोषणापत्रावर स्वाक्षरी केली. अंमल २१ तारखेच्या प्रारंभापासून होणार होता. सुट्टीवर मायदेशी आलेल्या तरुणांना परत अमेरिकेत पाऊल ठेवता येईल की नाही, हे कोणीच छातीठोकपणे सांगू शकत नव्हते. बड्या कंपन्यांनी आपल्या कर्मचाऱ्यांना मुदतीच्या आत परतण्याचे निरोप धाडले. मिळेल त्या दराने विमानाची तिकिटे घेतली गेली. पुढे खुलासा झाला, की हे शुल्क केवळ नव्या अर्जांना लागू आहे आणि ज्यांच्याकडे व्हिसा आहे त्यांच्या पुनर्प्रवेशाला बाधा नाही. घरोघरी जीव भांड्यात पडला.

त्या दोन दिवसांत वृत्तवाहिन्यांना दुसरा विषय नव्हता. अग्रलेख लिहिले गेले, राष्ट्राच्या स्वाभिमानाचा प्रश्न उपस्थित झाला. तो व्हायलाच हवा होता. भारताच्या बुद्धिमत्तेवर उभे राहिलेल्या उद्योगांच्या देशाने भारतीयांना रातोरात टांगणीला लावावे, हे संतापजनकच होते.

परंतु त्याच वर्षी, आषाढी एकादशीला पाच दिवस उरले असताना, आणखी एक नियम लागू झाला होता. १ जुलै २०२५ पासून कुवेतने खाजगी क्षेत्रातील परदेशी कामगारांवर असे बंधन घातले, की देशाबाहेर पडण्यापूर्वी मालकाची संमती असलेला निर्गमन परवाना घेतला पाहिजे. कुवेतमध्ये सुमारे दहा लाख भारतीय राहतात. अमेरिकेच्या नियमाने प्रश्न निर्माण झाला होता तो परक्या देशात परत जाण्याचा. कुवेतच्या नियमाने प्रश्न निर्माण केला तो स्वतःच्या घरी परत येण्याचा. पहिल्या प्रश्नावर देश पेटून उठला, दुसऱ्यावर साधी कुजबुजही झाली नाही. असे का व्हावे? डॉलर कमावणारा तेवढा आपला आणि दिनार कमावणारा परका, अशी काही वाटणी समाजमनाने करून ठेवली आहे काय?

कफील नावाचा मालक

आखाती देशांतील परकीयांच्या वास्तव्याचे नियम समजून घेतल्याखेरीज या मौनाचे गांभीर्य ध्यानात येणार नाही. या नियमांचा पाया म्हणजे ‘कफाला’ पद्धत. ‘कफील’ म्हणजे हमीदार. परदेशी माणसाचा व्हिसा निघतो तो या कफीलाच्या आधारे. वास्तव्याचा परवाना, ज्याला सौदी अरेबियात ‘इकामा’ म्हणतात, त्याचे नूतनीकरण करायचे तेही कफीलाने. परंपरेने नोकरी बदलायची तर त्याचे ना हरकत पत्र लागे आणि मायदेशी यायचे तर त्याचीच अनुमती. म्हणजे माणूस कामाला लागतो एका आस्थापनेत, पण त्याचे त्या देशातील अस्तित्व बांधले जाते एका व्यक्तीशी.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. आपल्या देशात कोणाला येऊ द्यावे आणि किती काळ राहू द्यावे, हे ठरविण्याचा अधिकार प्रत्येक सार्वभौम राष्ट्राला आहे. भारतही तो बजावतो. दीर्घ मुदतीच्या व्हिसावर आलेल्या परदेशी नागरिकाला भारतातही नोंदणी कार्यालयात नाव नोंदवावे लागते. परंतु ती नोंद शासनाकडे असते. पुण्यातील एखाद्या कारखान्यात काम करणाऱ्या जर्मन अभियंत्याला म्युनिकला जाण्यासाठी कारखान्याच्या मालकाची चिठ्ठी लागत नाही. कफाला पद्धतीने नेमके हेच केले. शासनाने वापरावयाचा अधिकार तिने खाजगी माणसाच्या हाती सोपविला. मजुरी देणारा आणि मुक्तता देणारा एकच झाला, की त्या नात्याला नोकरी म्हणणे अवघड होते.

सौदी अरेबियातील सुट्टीची रीत पाहावी. दोन वर्षांनी गावी येणाऱ्या कामगाराला ‘खुरूज व औदा’, म्हणजे जाऊन परत येण्याचा व्हिसा घ्यावा लागतो. त्याला मुदत असते. आई आजारी पडली, घराचे बांधकाम रखडले, बहिणीचे लग्न लांबले आणि त्या मुदतीत परतणे जमले नाही, तर त्याच्या नावापुढे ‘गेला आणि परतला नाही’ अशी नोंद होत असे. तीन वर्षे त्या देशाचे दार बंद! पुन्हा त्याच कफीलाकडे जायचे असेल तरच अपवाद. ओमानमध्ये ना हरकत पत्राशिवाय नोकरी सोडून गेलेल्या माणसाला दोन वर्षे पुनर्प्रवेश नसे. ती अट २०२१ च्या प्रारंभी काढून टाकण्यात आली. संयुक्त अरब अमिरातीत सहा महिन्यांहून अधिक काळ बाहेर राहिल्यास वास्तव्याचा परवाना रद्द होण्याचा नियम आहे. करोनाच्या काळात गावी अडकलेल्या असंख्य कामगारांना या मुदतींचा अर्थ चांगलाच उमगला. फेब्रुवारी २०२१ मध्ये सौदी अरेबियाने भारतातून थेट येणाऱ्यांना बंदी केली, तेव्हा नोकरी टिकविण्यासाठी तिसऱ्या देशात चौदा दिवस स्वखर्चाने राहून लोक रियाधला गेले.

याहून भयंकर शस्त्र म्हणजे ‘हुरूब’. कामगार पळून गेला आहे, अशी तक्रार कफीलाने नोंदविली की तो माणूस बेकायदा ठरू शकतो. त्याला कामावर ठेवणे गुन्हा, त्याचे परवाने निरुपयोगी, अटक केव्हाही. थकलेले वेतन मागणाऱ्याला गप्प बसविण्यासाठी या तक्रारीचा वापर होतो, हे आखातात राहून आलेला प्रत्येक जण जाणतो. फिर्यादीनेच आरोपीच्या पारपत्रावर बसावे, असा हा न्याय आहे.

आणि मग ‘आझाद व्हिसा’. कोकणात हा शब्द घराघरांत माहीत आहे. कागदोपत्री कफील एक, काम मात्र जेथे मिळेल तेथे, आणि त्या नाममात्र मालकाला वर्षाला ठराविक रक्कम. नावात स्वातंत्र्य आहे, पण प्रत्यक्षात माणसाने स्वतःच्याच वास्तव्याचे भाडे भरायचे. जो व्हिसा शासन देते त्याची मंडई भरते, आणि त्या मंडईत बोली लागते ती राजापूर किंवा गुहागर तालुक्यातील गवंडी, वायरमन, वाहनचालक यांच्या कुटुंबाने काढलेल्या कर्जावर.

उपाशी, तरीही बंदिस्त

या नियमांचे परिणाम पुस्तकी नाहीत. जुलै २०१६ मध्ये ते साऱ्या जगाने पाहिले. तेलाचे भाव कोसळले, सौदी अरेबियातील बांधकाम उद्योग अडचणीत आला आणि जेद्दाह व आसपासच्या छावण्यांत हजारो भारतीय कामगार अडकून पडले. अनेक महिन्यांचे वेतन थकले होते, भोजनालये बंद पडली होती. तत्कालीन परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांनी ३० जुलै रोजी देशाला सांगितले, की तेथे आपले बांधव उपाशी आहेत. जेद्दाह येथील भारतीय वाणिज्य दूतावासाने तेथील भारतीय समाजाच्या साहाय्याने शिधा पोहोचविला. राज्यमंत्री जनरल विजयकुमार सिंह स्वतः तेथे गेले.

तेव्हा अनेकांनी एक साधा प्रश्न विचारला होता. अन्न नाही, पगार नाही, तर ही माणसे विमानात बसून घरी का येत नाहीत? उत्तर असे होते, की त्यांना येता येत नव्हते. निर्गमनाचा व्हिसा मालकाच्या संमतीवाचून मिळत नाही आणि मालक तर कारभार गुंडाळण्याच्या बेतात. वास्तव्याचे परवाने नूतनीकरणाअभावी संपलेले. ज्याने उपाशी ठेवले, त्याच्याच सहीची वाट पाहायची! भारताच्या शिष्टाईनंतर सौदी शासनाने मालकाच्या ना हरकत पत्राविना आणि शुल्काविना निर्गमनाचे व्हिसा देण्याचे मान्य केले, तेव्हा कोठे वाट मोकळी झाली. थकलेल्या वेतनाचे दावे मागे ठेवून माणसे रिकाम्या हाताने परतली.

या प्रसंगातून भारतीय शासनाचे सामर्थ्य दिसले, तसेच त्याच्या सामर्थ्याची मर्यादाही दिसली. १९९० मध्ये इराकने कुवेत गिळंकृत केला तेव्हा सुमारे एक लाख सत्तर हजार भारतीयांना विमानांनी मायदेशी आणण्यात आले. २०१५ मध्ये येमेनमध्ये बॉम्बवर्षाव होत असताना ‘ऑपरेशन राहत’ने साडेचार हजारांहून अधिक भारतीय सुखरूप परत आणले. जून २०२४ मध्ये कुवेतच्या मंगाफ येथे कामगारांच्या इमारतीला आग लागून ४५ भारतीय मृत्युमुखी पडले, तेव्हा वायुदलाचे विमान त्यांचे पार्थिव घेऊन दोन दिवसांत कोचीला उतरले. युद्धात राष्ट्र धावून जाते, मृत्यूनंतरही धावून जाते. मग शांततेच्या काळात, जिवंत माणसासाठी एका मालकाची सही मिळविताना त्याचे हात का बांधले जातात? कारण संकटनिवारण ही शासनाची कृती असते, तर निर्गमनाचा अधिकार ही कराराची अट असावी लागते. ती अट भारताने कधी निग्रहाने मागितलीच नाही.

गिरमिटाचा वारसा

हे सारे नवे आहे, असे समजण्याचे कारण नाही. १८३४ पासून मॉरिशस, त्रिनिदाद, गयाना, नाताळ, फिजी येथील उसाच्या मळ्यांवर बारा लाखांहून अधिक भारतीय मजूर करारावर नेण्यात आले. ‘अ‍ॅग्रीमेंट’चा अपभ्रंश ‘गिरमिट’ झाला आणि ते मजूर गिरमिटिये झाले. करार बहुधा पाच वर्षांचा. मळ्याची हद्द ओलांडायची तर परवाना हवा. परवान्याविना सापडला तर तुरुंग. कागदावर पाहिले तर तो दोन पक्षांनी स्वेच्छेने केलेला करारच होता. अंगठा उठविणाऱ्याने कोठे नाही म्हटले होते?

त्या कागदी स्वेच्छेचा बुरखा फाडला तो महाराष्ट्राच्या एका सुपुत्राने. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९१० मध्ये इंपिरियल कायदे मंडळात नाताळकडे जाणाऱ्या करारबद्ध मजुरांची भरती थांबविण्याचा ठराव आणला आणि तो स्वीकारला गेला. मार्च १९१२ मध्ये त्यांनी ही संपूर्ण पद्धतच रद्द करावी, असा ठराव मांडला. सरकारी बहुमताने तो फेटाळला गेला, पण प्रश्न मिटला नाही. मार्च १९१६ मध्ये पंडित मदनमोहन मालवीय यांनी तोच विषय पुन्हा मांडला आणि व्हाइसरॉय हार्डिंग यांना तत्त्वतः मान्यता द्यावी लागली. १९१७ मध्ये भरती थांबली. १ जानेवारी १९२० रोजी फिजीतील शेवटच्या गिरमिटियांचे करार रद्द झाले.

या इतिहासात दोन गोष्टी लक्षणीय आहेत. पहिली अशी, की गोखले मवाळ, मालवीय हिंदू समाजाच्या संघटनेचे पुरस्कर्ते. मार्ग भिन्न, पण परदेशातील भारतीय मजुराच्या अवहेलनेत दोघांनाही राष्ट्राची अवहेलना दिसली. मजूर कोणत्या प्रांताचा, कोणत्या जातीचा वा पंथाचा, असा प्रश्न त्यांनी केला नाही. गिरमिटियांत हिंदूही होते आणि मुसलमानही. आज रत्नागिरी-रायगडातून आखातात जाणाऱ्यांतही दोन्ही आहेत. पारपत्रावर अशोकस्तंभ असतो, जात नसते.

दुसरी गोष्ट अधिक बोचरी आहे. देश पारतंत्र्यात असताना, हाती सत्ता नसताना भारतीयांनी एक जागतिक मजूर-व्यवस्था मोडून काढली. आज देश स्वतंत्र आहे आणि जगातील अग्रगण्य अर्थव्यवस्थांत त्याची गणना होते. आखाती राष्ट्रांशी त्याचे संबंध पूर्वी कधी नव्हते इतके सौहार्दाचे आहेत. २०२४ मध्ये अबुधाबीत भव्य मंदिर उभे राहिले. त्याच वर्षी डिसेंबरात भारताचे पंतप्रधान ४३ वर्षांनी प्रथमच कुवेतला गेले, तेथील कामगार छावणीत भारतीय श्रमिकांमध्ये बसले, त्यांना त्या देशाचा सर्वोच्च सन्मान मिळाला. आणि त्यानंतर सुमारे सहा महिन्यांनी निर्गमन परवान्याचा नियम लागू झाला. मैत्री इतकी घट्ट असेल तर मित्राला स्पष्ट बोलण्याचा अधिकारही तितकाच असावयास हवा.

तीन सबबी

या विषयावर काही बोलले, की तीन सबबी हमखास पुढे केल्या जातात.

पहिली सबब: लोक स्वेच्छेने जातात, कोणी बळजबरी केलेली नाही. जातात हे खरे. पण मुंबईच्या दलालाच्या कार्यालयात दाखविलेला करार एक आणि विमानतळावर उतरल्यावर सही करून घेतलेला अरबी करार दुसरा, हा अनुभव विरळा नाही. स्वेच्छा ही प्रवेशाला असते, बंदिवासाला नव्हे. स्वखुशीने घरात आलेल्या पाहुण्याला बाहेरून कडी घालण्याचा अधिकार यजमानाला कोणत्या शास्त्राने दिला?

दुसरी सबब: तो त्यांचा अंतर्गत प्रश्न आहे. तसे असते तर भारताने बोलू नये, हे मान्य झाले असते. परंतु बहुतेक ठिकाणी या व्यवस्थेचे पहिले पाऊल म्हणजे कामगाराचे पारपत्र मालकाने काढून घेणे. आणि ते पारपत्र कोणाच्या मालकीचे आहे? भारताच्या १९६७ च्या पारपत्र अधिनियमाच्या कलम १७ नुसार ते सदैव केंद्र शासनाची मालमत्ता असते. कामगाराचीही नव्हे, मग मालकाची कोठून? परदेशातील एखादा कंत्राटदार शंभर भारतीयांची पारपत्रे कपाटात बंद करून ठेवतो, तेव्हा तो भारतीय प्रजासत्ताकाची मालमत्ता अडकवून ठेवतो. आखातातील बहुतेक देशांच्या कायद्यांतही पारपत्र ठेवून घेण्यास मनाई आहे. म्हणजे भारताने केवळ आपल्या मालमत्तेची आणि त्यांच्याच कायद्याच्या पालनाची मागणी करावयाची आहे. यात कोणाच्या सार्वभौमत्वाला धक्का लागतो?

तिसरी सबब सर्वांत व्यवहारी आणि म्हणूनच सर्वांत घातक: भारताने ताणून धरले तर नोकऱ्या नेपाळी-बांगलादेशी मजुरांना मिळतील. या भीतीचे उत्तर फिलिपिन्सने कृतीने दिले आहे. २०१८ च्या आरंभी कुवेतमध्ये एका फिलिपिनो मोलकरणीच्या निर्घृण हत्येचा प्रकार उघडकीस आला, तेव्हा त्या छोट्या देशाने कुवेतला कामगार पाठविणे थांबविले. पुढे त्याच वर्षी मे महिन्यात दोन्ही देशांत करार झाला आणि कामगारांनी पारपत्र व भ्रमणध्वनी स्वतःजवळ ठेवण्याचा हक्क त्यात लिहिला गेला. भारताने घरकामगारांसाठी कुवेतशी करार केला तो जून २०२१ मध्ये, म्हणजे तीन वर्षांनी.

कतारचे उदाहरण याहून बोलके आहे. विश्वचषक फुटबॉल स्पर्धेच्या निमित्ताने जगाची दृष्टी तेथील कामगारांवर पडली. २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेकडे तक्रार दाखल झाली. त्यानंतर २०१८ मध्ये बहुसंख्य कामगारांसाठी निर्गमन परवाना रद्द झाला, २०२० मध्ये ही सवलत घरकामगारांपर्यंत पोहोचली, नोकरी बदलण्यासाठी ना हरकत पत्राची अट गेली आणि २०२१ मध्ये एक हजार रियाल किमान वेतन सर्वांना लागू झाले. सौदी अरेबियानेही मार्च २०२१ पासून खाजगी क्षेत्रातील कामगारांना मालकाच्या संमतीविना निर्गमन व पुनर्प्रवेशाचा व्हिसा मागण्याची मुभा दिली. मात्र घरकामगार, वाहनचालक, मेंढपाळ, माळी असे सर्वांत असहाय घटक त्यातून वगळले. दबाव आला की नियम बदलतात, हे यातून सिद्ध झाले. आणि दबाव सैल झाला की तेच नियम परततात, हे कुवेतने दाखवून दिले.

घरचा आहेर

परक्यांना दोष देऊन थांबणे सोपे आहे. स्वतःच्या घरात डोकावणे अवघड आहे.

सप्टेंबर २०२० मध्ये, करोनाने आधीच कंबरडे मोडलेले असताना, आखातात जाणाऱ्या भारतीय कामगारांसाठी परराष्ट्र मंत्रालयाने ठरविलेले किमान वेतन कमी करण्यात आले. कारण तेच, नोकऱ्या हातच्या जाऊ नयेत. कामगारांच्या बाजूने विरोध झाला, प्रकरण न्यायालयात गेले आणि २०२१ मध्ये निर्णय मागे घ्यावा लागला. मागे घेतला हे उत्तम झाले. परंतु विक्रेत्यानेच आपल्या मालाचा भाव पाडावा, हा विचार सुचलाच कसा? शासन आपल्या विचारांच्या जवळचे असले तरी चुकीला चूक म्हणण्याची परंपरा राष्ट्रहिताचा विचार करणाऱ्यांनी सोडता कामा नये.

दुसरा दोष कायद्याच्या मुळाशी आहे. १९८३ च्या स्थलांतर अधिनियमाच्या चौकटीत अठरा देशांत कामाला जाणाऱ्या अल्पशिक्षितांना शासनाची अनुमती घ्यावी लागते. दहावी उत्तीर्ण झालेल्याला सामान्यतः ती लागत नाही. म्हणजे दहावीचे प्रमाणपत्र हाती आले की तो माणूस शासनाच्या नोंदीतून बाहेर पडतो. कफील मात्र कोणाचे प्रमाणपत्र पाहून वागत नाही. अभियंता, लेखापाल, परिचारिका यांनाही तोच इकामा, तोच निर्गमन व्हिसा. परिचारिकांची फसवणूक वाढली तेव्हा २०१५ मध्ये त्यांना शिक्षण कितीही असले तरी अनुमतीच्या कक्षेत आणावे लागले. जे परिचारिकांबाबत उमगले ते इतरांबाबत उमगण्यास आणखी किती वर्षे हवीत? २०१७ पासून सौदी अरेबियाने परदेशी कामगारांच्या कुटुंबीयांवर माणशी मासिक शुल्क लावले आणि ते दरवर्षी वाढवीत नेले. तेव्हा पत्नी-मुलांना मायदेशी पाठवावे लागले ते मध्यमवर्गीय नोकरदारांनाच. हा प्रश्न ‘त्यांचा’ आहे, असे समजणाऱ्या मध्यमवर्गाने हे ध्यानात ठेवावे.

तिसरा दोष महाराष्ट्राचा. रिझर्व्ह बँकेच्या पाहणीनुसार २०२३-२४ मध्ये परदेशातून देशात आलेल्या रकमेत महाराष्ट्राचा वाटा २०.५ टक्के, म्हणजे सर्व राज्यांत पहिला होता. केरळ दुसऱ्या क्रमांकावर होता. आखाती देशांचा एकूण वाटा ३८ टक्क्यांच्या आसपास. केरळने १९९६ मध्येच प्रवासी केरळीयांसाठी स्वतंत्र खाते काढले. भरतीच्या दलालांची मोठी पेठ मुंबईत असूनही महाराष्ट्रात त्या तोडीची यंत्रणा उभी राहिली नाही. पैसा मोजताना पहिला क्रमांक आणि माणसे मोजताना मागची रांग, हे भूषणावह नाही.

करावयाचे काय?

१९८३ च्या कायद्याची जागा घेऊ पाहणाऱ्या विधेयकाचा मसुदा ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्र शासनाने सूचनांसाठी जनतेपुढे ठेवला. चार दशकांतून एकदा येणारी ही संधी आहे. नव्या कायद्याचे मोल त्याच्या नावावरून नव्हे, तर एका प्रश्नाच्या उत्तरावरून ठरेल: भारतीय नागरिकाच्या परतीची किल्ली कोणाच्या हाती राहील?

त्यासाठी काही गोष्टी अपरिहार्य आहेत. यापुढे कोणत्याही देशाशी मनुष्यबळाचा करार करताना पारपत्र कामगाराजवळ राहील आणि मायदेशी परतण्यास मालकाची संमती लागणार नाही, ही दोन कलमे पूर्वअट म्हणून असली पाहिजेत. कुवेतशी हा विषय स्पष्ट शब्दांत आणि कालमर्यादा घालून काढला पाहिजे. पारपत्रे अडकविणाऱ्या व खोट्या हुरूबच्या तक्रारी करणाऱ्या मालकांना ‘ई-मायग्रेट’ प्रणालीतून भारतीय कामगार मिळता कामा नयेत. दहावीची भिंत पाडून आखातात कामाला जाणाऱ्या प्रत्येकाची नोंद झाली पाहिजे. करार कामगाराच्या मातृभाषेत त्याच्या हाती पडला पाहिजे.

शासनावर सारे सोपवून समाजाने हात झटकणेही योग्य नव्हे. भरती करणाऱ्या नोंदणीकृत दलालाला तीस हजार रुपये व त्यावरील करापेक्षा अधिक सेवाशुल्क घेता येत नाही, हे कोकणातील किती घरांना ठाऊक आहे? अवघ्या २७५ रुपयांत दोन वर्षांसाठी दहा लाखांचे संरक्षण देणारी प्रवासी भारतीय विमा योजना आहे, हे कितीजण जाणतात? पर्यटनाच्या व्हिसावर कामाला पाठविणारा दलाल हा उपकारकर्ता नसून फसवणारा आहे, हे निघण्यापूर्वी सांगणारा कोणी हवा. परदेशात अडचण आली तर ‘मदद’ या संकेतस्थळावर तक्रार कशी नोंदवावी आणि दूतावासाच्या भारतीय समाज कल्याण निधीतून साहाय्य कसे मिळते, हे मागे राहिलेल्या पत्नीला, वृद्ध पित्याला समजावून सांगणारा कोणी हवा. भूकंपात, महापुरात धावून जाणाऱ्या कार्यकर्त्यांना हे काम अशक्य नाही. प्रत्येक तालुक्यात दोन माहितगार माणसे उभी राहिली, तरी कितीतरी घरे कर्जाच्या खाईतून वाचतील. आणि हे काम करताना दारावरची पाटी वाचण्याची आवश्यकता नाही. घरातला माणूस परदेशात अडकला आहे, एवढी ओळख पुरेशी आहे.

आखाती देशांनी लक्षावधी भारतीयांना रोजगार दिला, हे कोणी नाकारत नाही. परंतु ते दान नव्हते. त्यांच्या बोटांत तेल होते, भारतीयांच्या बोटांत कसब होते, आणि वाळवंटात उभी राहिलेली नगरे दोहोंच्या संयोगातून उभी राहिली. देवाणघेवाण बरोबरीची असेल, तर कराराच्या अटीही बरोबरीच्याच हव्यात.

९ जानेवारीला देशात प्रवासी भारतीय दिवस साजरा होतो. १९१५ मध्ये त्या दिवशी गांधीजी दक्षिण आफ्रिकेतून मायदेशी परतले, म्हणून ती तिथी निवडली गेली. परतण्याच्या स्मृतीचा हा दिवस आहे. त्या दिवशी व्यासपीठावर यशस्वी अनिवासी भारतीयांचा सत्कार होतो, तो अवश्य व्हावा. परंतु त्याच दिवशी कुठल्यातरी छावणीत एखादा भारतीय आईच्या अंत्यदर्शनासाठी मालकाच्या संमतीची वाट पाहत बसलेला असेल, तर तो सोहळा अपुरा आहे. ज्या राष्ट्राचा नागरिक परक्याच्या अनुमतीशिवाय घरी येऊ शकत नाही, त्या राष्ट्राच्या स्वातंत्र्याचा एक हप्ता अद्याप थकलेला आहे. गोखले आणि मालवीय यांच्या वारसदारांनी तो वसूल करावयाचा आहे.